खुंटी नंबर सोळा

पर्थला आलेला माणूस किंग्ज पार्कमधून शहर बघतो, फ्रीमँटलच्या बंदरावर तळलेले मासे खातो आणि बोटीने रॉटनेस्ट बेटावर जाऊन क्वोका नावाच्या हसऱ्या तोंडाच्या प्राण्याबरोबर फोटो काढून घेतो. हे सगळं पहिल्या आठवड्यात उरकलं. मग एका रात्री जेवताना भाचीने विचारलं, "मामा, आता शनिवारी कुठं जायचं?"

मी म्हटलं, "बंगुला."

तिने फोनवर नकाशा काढला. रेल्वेचा रूळ, एक फाटा आणि चहूकडे गहू. "इथं काय आहे बघण्यासारखं?"

"एक कोळीण राहत होती. २०१६ साली वारली."

जावयांनी हातातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. वय झालं की माणसाचं असं होतं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं.

आता हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगतो. मी भूमिअभिलेख खात्यात मोजणीदार होतो. उभी नोकरी खुंट्या ठोकण्यात, हद्दीचे दगड हुडकण्यात आणि 'हा दगड आमच्या आज्यानं लावलाय' असं सांगणाऱ्या दोन भावांच्या मध्ये उभं राहण्यात गेली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी, २०१८ च्या एप्रिल महिन्यात, पेपरात चार ओळींची बातमी वाचली: जगातल्या सर्वांत दीर्घायुषी कोळ्याचा मृत्यू, वय ४३ वर्षं. लोकांना त्यात वय दिसलं. मला दिसली खुंटी. कारण तिचं वय कुणी पायाच्या जाडीवरून किंवा दातांवरून काढलेलं नव्हतं. १९७४ साली तिच्या बिळाशेजारी आकडा घातलेली धातूची छोटी खुंटी रोवली होती, आणि त्यानंतर चाळीस वर्षांहून जास्त काळ माणसं येऊन त्याच खुंटीपाशी वाकून बघत होती. खुंटीचा नंबर १६. कोळिणीलाही दुसरं नाव मिळालं नाही. शास्त्रज्ञ तिला 'नंबर सोळा'च म्हणत.

ज्या राज्यात मी सर्व्हेचे दगड रात्रीतून चालायला लागलेले पाहिलेत, तिथल्या माणसाला चाळीस वर्षं जागेवर टिकलेल्या खुंटीचं अप्रूप वाटलं नाही तरच नवल.

शनिवारी पहाटे निघालो. सप्टेंबर, म्हणजे तिकडचा वसंत. पर्थ सोडून डार्लिंगचा चढ चढला की ग्रेट ईस्टर्न हायवे थेट पूर्वेला धावतो आणि मंडेरिंगपासून रस्त्याच्या सोबतीला एक जाड पांढुरकी पाइपलाइन येते. जमिनीवरून, उघडी, मैलोन्‌मैल. मंडेरिंगच्या धरणातलं पाणी सव्वापाचशे किलोमीटरहून लांब, कॅलगुर्लीच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पंपांनी ढकलत न्यायची ही योजना सी. वाय. ओ'कॉनर या इंजिनिअरची. १९०३ च्या जानेवारीत पाणी पोचलं. ते बघायला ओ'कॉनर नव्हते. आदल्या वर्षी त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं होतं.

नॉर्दमला चहा झाला. पुढे मेकरिंगला मी गाडी थांबवायला लावली, आणि इथं कोळ्याची गोष्ट जरा बाजूला ठेवतो. १४ ऑक्टोबर १९६८ रोजी या गावाखालची जमीन हलली. जवळपास ३७ किलोमीटर लांबीची भेग पडली, रेल्वेचे रूळ वाकडे झाले आणि ती जाडजूड पाइपलाइन चिरडल्यासारखी स्वतःतच घुसली. पिळवटलेल्या पाइपचा तुकडा अजून तिथं मांडून ठेवलाय. गाव जवळजवळ सगळं पडलं, पण माणूस एकही मेला नाही. मी कराडचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सहा वर्षांचा होतो. आईने मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, एवढंच आठवतं. दोन्ही ठिकाणं अशी, की इथं धरणीकंप व्हायचा नाही असं जाणत्यांना वाटत होतं. त्या वाकलेल्या पाइपवर हात ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. भाची काही बोलली नाही. तिच्या आजीकडून तिनेही ती पहाट ऐकलेली आहे.

मेकरिंगनंतर कंडरडिन, मग टॅमिन, पुढे केलरबेरिन, मेरेडिन. आपल्याकडे जसं '-वाडी' आणि '-गाव', तसं इकडे शेवटी 'इन'. ही नावं इथल्या मूळच्या नूंगार लोकांच्या भाषेतून आलेली. शिवार मात्र आता पूर्णपणे गव्हाचं. हिरवागार गहू, मधे कनोलाचे पिवळेजर्द पट्टे, क्षितिजावर धान्याची कोठारं. बघायला छान वाटतं, आणि तासाभराने लक्षात येतं की झाडं कुठेच नाहीत. रस्त्याच्या कडेला एक ओळ, कुठं तरी एखादा चौकोनी तुकडा, बस्स. गव्हाच्या या पट्ट्याच्या मध्यभागातलं नव्वद टक्क्यांहून अधिक मूळ रान गेलेलं आहे. १९६० च्या दशकात तर 'वर्षाला दहा लाख एकर' मोकळे करण्याची सरकारचीच मोहीम होती.

टॅमिनच्या अलीकडे एका सखल जागी पांढरा थर आणि त्यात उभी मेलेली झाडं दिसली. जावई म्हणाले, "मामा, हे मीठ." मला सांगायची गरज नव्हती. वाळवा आणि शिरोळ तालुक्यांत क्षारपड जमिनी मोजताना माझ्या बुटांचे तळ खाल्ले गेलेत. तिथं उसाला पाणी पाजून पाजून क्षार वर आले. इथं कुणी पाणी पाजलेलं नाही. खोल मुळांची झाडं होती तोवर ती पावसाचं पाणी ओढून घेत, क्षार खाली झोपलेले राहत. झाडं तोडली, जमिनीतल्या पाण्याची पातळी वर सरकली आणि हजारो वर्षांचं मीठ घेऊन वर आली. वेगळ्या वाटेनं येऊन आपण आणि ते एकाच जागी पोचलो.

तर या सगळ्या गव्हात रानाचे जे थोडे तुकडे राहिले, त्यांतला एक नॉर्थ बंगुला. आणि तिथं नंबर घातलेल्या खुंट्या रोवणाऱ्या बाई म्हणजे बार्बरा यॉर्क मेन.

त्या १९२९ साली याच केलरबेरिनला जन्मल्या, टॅमिनजवळच्या शेतावर वाढल्या. आसपास झाडं तुटत असतानाच्या काळात मोठ्या झालेल्या शेतकऱ्याच्या पोरीने आयुष्यभर जमिनीखाली राहणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास करायचं ठरवलं. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातून प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, साल १९५६. याच मुलखावर त्यांनी १९६७ मध्ये 'बिटवीन वॉजिल अँड टॉर' हे पुस्तक लिहिलं. वॉजिल म्हणजे रेताड जमिनीवरचं बाभूळवर्गी झुडपांचं रान आणि टॉर म्हणजे ग्रॅनाइटचा उघडा कातळ. या दोन शब्दांत इथली सगळी जमीन मावते. १९७४ मध्ये त्यांनी नॉर्थ बंगुलातल्या एका जागेवरचं प्रत्येक बीळ नोंदवायला सुरुवात केली. नुकतीच आईच्या बिळातून बाहेर पडून स्वतःचं इवलंसं बीळ खणलेली जी पिल्लं त्या पहिल्या हंगामात सापडली, त्यांतली एक नंबर सोळा.

त्या साली मी सातवीत होतो. पुढे मी मॅट्रिक झालो, नोकरीला लागलो, पाटण, जत, महाबळेश्वर धरून सात बदल्या झाल्या, लग्न, मुलं, बायपास. ती तिथंच. त्याच भोकात.

हे शब्दशः खरं आहे, आणि म्हणूनच तिचं वय छातीठोकपणे सांगता आलं. या जातीची मादी एकदा जिथं बीळ खणते तिथंच जन्म काढते. अंगाने वाढते तसं बीळ रुंद करते, झाकणाला कडेने भर घालते, पण घर बदलत नाही. रिकामं पडलेलं बीळ दुसरी मादी येऊन बळकावतही नाही. म्हणजे खुंटी सोळाशेजारच्या बिळात जोवर कुणी जिवंत आहे, तोवर ती तीच. ना वारसाची नोंद, ना वाद. याआधी सर्वांत जास्त जगलेला ज्ञात कोळी म्हणजे मेक्सिकोतला एक टॅरंटुला, तो २८ वर्षांचा. नर मात्र वयात आला की बीळ सोडतो, मादी हुडकत हिंडतो आणि त्याच हंगामात संपतो.

जातीचं शास्त्रीय नाव गेयस व्हिलोसस. पूर्वी ॲनिडिऑप्स व्हिलोसस म्हणत. मग नावाचा फेरफार झाला. इंग्रजीत या सगळ्या मंडळींना ट्रॅपडोअर स्पायडर म्हणतात, मी आपला झडपकोळी म्हणतो.

बंगुलाच्या फाट्यावरून आत वळलो आणि रानाच्या तुकड्याच्या कडेला गाडी लावली. खरी खुंटी सोळा शोधायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. ती जागा अभ्यासाची. हौशी माणसाच्या बुटाखाली एखादं बीळ चेंगरलं तर चाळीस वर्षांच्या वहीत भोक पडायचं. कडेच्या पायवाटेवरून दिसेल तेवढं बघायचं, इतकाच बेत. उतरल्याबरोबर माश्या. शेकड्यांनी, नाकात, डोळ्यांत, कानांत. भाचीने डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या आणल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, मुंडावळ्या बांधल्यासारखे दिसताय."

जमीन तांबूस, वर पातळ सुक्या काटक्यांचा आणि पाचोळ्याचा थर. वर्षाला इथं तीनशे-साडेतीनशे मिलिमीटर पाऊस, आपल्या माण-खटावहूनही कमी. झुडपं विरळ, त्यांत गुलाबी कागदी फुलं पसरलेली. तासभर आम्ही तिघं वाकून चालत होतो. बीळ दिसायलाच नको अशा बेतानं केलेलं असतं, त्यामुळे सापडलं नाही यात त्या कोळिणीचं यशच होतं. शेवटी मला जे दिसलं ते बीळ नव्हतंच. दिसली ती काटक्यांची मांडणी.

पायवाटेच्या कडेपासून हातभर आत, एका झुडपाखाली, काही काटक्या विस्कटलेल्या नव्हत्या. बाकी सगळा पाचोळा वाऱ्याने टाकल्यासारखा आडवातिडवा. या मात्र एका बिंदूपासून निघून बाहेर पसरलेल्या, सूर्याच्या किरणांसारख्या. मी गुडघे टेकले, मग पोटावर पडलो. मधोमध बाटलीच्या बुचापेक्षा थोडं मोठं, गोलसर झाकण. माती आणि कोळिष्टकाची पातळ भाकरी, वरून पाचोळा चिकटवलेला. एका बाजूला बिजागरी. बिजागरी म्हणजे रेशमाचीच अखंड पट्टी. झाकणाच्या कडेला प्रत्येक काटकी रेशमाने चिकटवलेली. मी मोजल्या: तेवीस. जवळच्या टोकाला हात न लावता खिशातली टेप समांतर धरली. सर्वांत लांब काटकी अकरा सेंटिमीटर.

या काटक्या शोभेच्या नाहीत. कोळीण रात्री झाकण किंचित उचलून तोंडाशी बसते, पुढचे पाय कडेला टेकवून. डोळ्यांचा तिला फार उपयोग नाही. मुंगी काटकीवरून चालली की हादरा काटकीतून कडेला आणि कडेवरून पायात. काटक्या नसत्या तर तिला फक्त दारात आलेलं भक्ष्य कळलं असतं. काटक्यांमुळे तिचं अंगण कितीतरी वाढतं, आणि त्यासाठी बिळाबाहेर हिंडावं लागत नाही. मग एक झेप, दोन जबडे कुदळीसारखे वरून खाली, आणि परत आत. जाळी विणणाऱ्या कोळ्यांचे सुळे चिमट्यासारखे आडवे मिटतात. हे जुन्या घराण्यातले, यांचे सुळे समांतर, खाली मारणारे. खणायलाही जबड्यांवर जाड दात्यांची रांग असते.

म्हणूनच झाडं नसलेल्या जमिनीवर ती जगत नाही. झाड नाही तर काटकी नाही. मेंढ्या फिरल्या की पाचोळा आणि झाकण दोन्ही तुडवलं जातं. पिल्लं आईच्या बिळात थांबतात, पाऊस पडून जमीन मऊ झाली की चालत बाहेर पडतात आणि फार लांब न जाता खणायला लागतात. बहुतेक मरतात. जी जगतात ती आजीच्या, पणजीच्या आजूबाजूलाच, एका वाडीतल्या भावकीसारखी. नांगरलेलं शेत ओलांडून पलीकडच्या रानात जाणं हा त्यांच्या आवाक्यातला प्रवास नव्हे. बंगुलाचा तुकडा उद्या गेला तर हे कोळी विस्थापित होणार नाहीत. संपतील.

आत काय असतं ते मी पाहिलेलं नाही. झाकण उचलायचा मोह झाला, भाचीने मनगट धरलं. पण बार्बराबाईंनी लिहून ठेवलंय. बीळ उभं खाली जातं, भिंतींना रेशमाचं अस्तर. खालच्या भागात हे अस्तर भिंतीला न चिकटवता मोज्यासारखं सैल सोडलेलं. वर, मोज्याच्या काठाशी, खाल्लेल्या किड्यांची टरफलं आणि माती साठवलेली. गोम किंवा विंचू आत शिरला तर कोळीण खालून मोजा ओढते. मोजा मिटतो, वरचा कचरा त्यावर कोसळतो आणि आगंतुकाला बिळाचा तळ लागल्यासारखं वाटतं. खरा तळ त्याच्याही खाली असतो, आणि तिथं ती. आमच्याकडे जुन्या वाड्यांत धान्याच्या कोठीखाली बळद असायचं, दरोडेखोराला कोठी रिकामी दिसावी म्हणून. तोच हिशेब. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ती झाकण आतून मातीने लिंपून घेते आणि ओलाव्यासाठी तळाशी बसून राहते. चालणं कमी, खाणं कमी, जगणं लांब.

नंबर सोळाला मात्र या मोज्याचा गांधीलमाशीपुढे उपयोग झाला नसावा. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी लिआंडा मेसन ही तरुण संशोधक नेहमीच्या पाहणीला आली. मेनबाई तेव्हा वयामुळे येऊ शकत नव्हत्या, काम तिच्याकडे आलं होतं. खुंटी सोळाजवळच्या झाकणाला भोक पडलेलं होतं. आत कोळीण नव्हती. आपल्या कुंभारमाशीचे प्रताप ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. परोपजीवी गांधीलमाशी कोळ्यावर अंडं घालते, अळी बाहेर येते आणि जिवंत अंग आतून खाते. चाळीस उन्हाळे, पंपाने पाणी नेणाऱ्यांचा मुलूख, मेंढ्या, वणवे, सगळं पार करून ती शेवटी एका माशीला सापडली असावी. मेसन, मेन आणि सहलेखक वॉर्डेल-जॉन्सन यांचा तिच्यावरचा लेख २०१८ मध्ये आला. मेनबाई २०१९ च्या मे महिन्यात गेल्या, नव्वदाव्या वर्षी. इथल्या छोट्या झडपकोळ्यांच्या एका नव्या प्रजातीला 'बंगुला' हेच नाव मिळालं. एका फाट्याच्या नावाचा याहून मोठा सन्मान मला माहीत नाही.

या कोळ्यांचं कूळ इडिओपिडी, आणि ते आपल्याकडेही आहे. २००५ मध्ये त्यातल्या एका जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं, तिचं नावच इडिऑप्स बॉम्बेयन्सिस. पाटणला असताना घाटातल्या लाल मातीच्या दरडीवर साखळी धरून उभा होतो तेव्हा माझ्या चेनमनने बोट दाखवलं होतं: दरडीत एक झाकण, एक बिजागरी. "साहेब, दार हाय," एवढंच म्हणाला. मी तेव्हा टिपण पूर्ण करायच्या घाईत होतो. बघितलं आणि विसरलो. रस्तारुंदीत ती दरड नंतर कापली गेली.

संध्याकाळ झाली. माश्या एकदम गेल्या, जणू कुणी दिवा घालवला. आम्ही तिघं त्या झाकणापासून दोन हातांवर न हलता बसलो. भाचीने टॉर्चवर लाल कागद चिकटवला होता. साडेसहाच्या सुमाराला झाकणाची कड उचलली गेली. किती, तर नखाच्या जाडीएवढी. फटीत आधी काळोख होता, मग काळोखात चकाकणारं काहीतरी, मग पायाची दोन टोकं कडेवर येऊन टेकली. एक बारीक मुंगी माझ्या बाजूच्या काटकीवर चढली, अर्ध्यावर थांबली, मिशा हलवल्या आणि परत फिरली. पायाची टोकं हलली नाहीत. ती कोळीण किती वर्षांची असेल, कुणाची नात, मला सांगता येणार नाही. तिच्याजवळ खुंटी नव्हती.

पाठीमागे जावई पाय अवघडले म्हणून उठले आणि गाडीतली पाण्याची बाटली काढायला गेले. गाडीचं दार त्यांनी हळूच लावलं. आम्हाला आवाजही आला नाही. झाकण मिटलं.

आणखी वीस मिनिटं बसलो. मग वहीत लिहिलं: काटक्या तेवीस, लांबी अकरा, वेळ सहा बत्तीस.